कोपलँड (ऑपरेटिंग सिस्टिम)

ॲपल कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी हाती घेतलेली, पण पूर्ण न झालेली ऑपरेटिंग सिस्टिम. घोषणा मार्च १९९४. ऑगस्ट १९९६ मध्ये काम थांबले. अमेरिकन संगीतकार ॲरन कोपलँड यांच्यावरून हे सांकेतिक नाव पडले.

सिस्टिम ७ मध्ये (१९९१) सर्व प्रोग्रॅम एकाच मेमरीत चालत. त्यांच्यामध्ये भिंत नव्हती. मेनूवर माऊसचे बटण दाबून धरले, की मागची कामे थबकत. एखादा प्रोग्रॅम कोसळला, की पडद्यावर बॉम्बचे चित्र येई आणि बहुधा यंत्रच पुन्हा सुरू करावे लागे. कोपलँडचा नवा मायक्रोकर्नल (सिस्टिमचा छोटा गाभा) हा दोष घालवणार होता. मात्र जुने प्रोग्रॅमही चालायला हवेत, या अटीमुळे खिडक्या आणि मेनू दाखवणारे सगळे प्रोग्रॅम पुन्हा सामायिक मेमरीतच राहणार होते. ज्या दोषासाठी पाया बदलायचा, तोच वरच्या मजल्यावर शिल्लक राहत होता. अपयशाचे खापर अनेकदा व्यवस्थापनावर आणि वाढत गेलेल्या सुविधांच्या यादीवर फोडले जाते. त्यात तथ्य आहे. पण यादी आखडती घेऊनही हा अंतर्विरोध सुटला नसता.

तंत्रज्ञानप्रमुख एलेन हँकॉक यांच्या सल्ल्याने प्रकल्प बंद झाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये नेक्स्ट कंपनी विकत घेण्याचा निर्णय जाहीर झाला. पाया नव्याने घालणेच कोपलँडला भोवले म्हणावे, तर २००१ ची मॅक ओएस टेन हीसुद्धा नवी मांडणीच नव्हती का, असा आक्षेप येतो. मॅकपुरती ती नवी होती. पण तिचा पाया असलेली नेक्स्ट कंपनीची नेक्स्टस्टेप १९८९ पासून वापरात होती, आणि तिच्या चुका खऱ्या कामात उघड्या पडून दुरुस्त होत आल्या होत्या. तरीही सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहा, हा ॲपलचा आग्रह मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी मानला नाही. १९९८ मध्ये ‘कार्बन’ जाहीर झाले. त्यामुळे जुना कोड थोड्या फेरफारांनी नव्या सिस्टिमवर आणता येऊ लागला आणि स्थलांतराला वाट मिळाली. ऑपरेटिंग सिस्टिम परिपक्व होते ती तिच्यावर लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे. ते गमावणारी नवी रचना कितीही देखणी असली तरी पोकळ ठरते. ‘एनएसस्ट्रिंग’ यासारख्या नावातील ‘एनएस’ ही नेक्स्टस्टेपची आद्याक्षरे मॅकचे प्रोग्रॅमर आजही लिहितात, ती याच सातत्याची खूण होय.

अवशेष : रूपरंगातील काही बदल मॅक ओएस ८ मध्ये (१९९७) आले.