तावदानातलं ‘दान’

कर्जत-खालापूरकडे शेडवर पत्रे चढवताना उजेडासाठी मध्येच एखादा पारदर्शक पत्रा घालतात. फॅब्रिकेटर त्याला सरसकट ‘फायबर’ म्हणतो. मग तो फायबरग्लासचा असो, नाहीतर पॉलीकार्बोनेटचा. काही उन्हाळे-पावसाळे झाले की तो पिवळा पडतो आणि भरदुपारी आत दिवा लावावा लागतो. जुन्या कौलारू घरांत हेच काम काचेचं कौल करायचं. माकडांच्या उड्यांनी ते फुटे, पण पिवळं कधी पडत नसे.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मांडव्याच्या बाजूला किंवा थेट गोव्यात, शिडाची जुनी नौका जवळून पाहिली तर तिलाही हाच आजार जडलेला दिसतो. केबिनच्या कडेला बसवलेलं लांबट किंवा गोल प्लास्टिक धुरकट होतं आणि त्यावर बारीक तड्यांचं जाळं पसरतं. इंग्रजीत त्याला पोर्टलाइट म्हणतात. मराठीत ‘खिडकी’ म्हटलं तरी काम भागतं. पण खिडकी हा शब्द मुळात खिडकीचा नाहीच.

संस्कृत कोशांत ‘खडक्किका’ आहे. तिचा अर्थ बाजूचं दार, छोटं दार. बंगालीत ‘खिडकी’ अजूनही मागच्या दाराला म्हणतात. गोव्यात आणि कोकणात ऐकू येणारं ‘जनेल’ पोर्तुगीज ‘जनेला’वरून आलं. ते लॅटिन ‘यानुआ’चं लघुरूप, आणि यानुआ म्हणजे दारच. जानेवारीला नाव देणारा यानुस हा देवही याच घराण्यातला. पोर्टलाइटमधलं ‘पोर्ट’ काही निराळं नाही. जहाजाच्या कुशीत ठेवलेल्या भोकाचं हे नाव लॅटिन ‘पोर्ता’, म्हणजे पुन्हा दार, यावरून आलेलं. तीन भाषांनी खिडकीचं नाव ठेवताना दारच धाकटं केलं. गवाक्षाची तऱ्हा वेगळी: ती गाईच्या डोळ्यासारखी गोल खिडकी. नौकेच्या गोल भोकाला आकाराने हाच शब्द शोभला असता, पण तो देवळांच्या शिखरांवर आणि लेण्यांच्या दर्शनी भिंतींवर असा काही बसला आहे की त्याला बोटीत उतरवणं जड जातं.

उजेडाची दखल घेणारा शब्द आपल्याकडे एकच, तो म्हणजे तावदान. फारसीतलं हे ‘ताबदान’. ‘ताब’ म्हणजे प्रकाश, झळाळी. आफताब, महताब यांतला ताब तोच. आफताबगीर, म्हणजे ऊन अडवणारी, तिची मराठीत अब्दागिरी झाली. ‘ताब्यात घेणे’ मधला ताबा मात्र अरबी आणि परका, त्याला इथे ओढू नये. पुष्कळांना तावदानात ‘उजेडाचं दान’ दिसतं. कल्पना गोड आहे, पण चुकीची. हे ‘दान’ पानदान, अत्तरदाणी, कलमदान यांतलं, म्हणजे ठेवण्याची जागा. त्याचं संस्कृत भावंड शोधायचं तर ते ‘राजधानी’तल्या ‘धानी’त सापडतं. ‘ताब’ आणि लोहाराच्या भट्टीतला ‘ताव’ हे मात्र खरेच दूरचे चुलतभाऊ, दोघांचं मूळ ‘तप्’ या जुन्या धातूत.

त्यामुळे पोर्टलाइटला मी बेधडक तावदान म्हणतो. तावदान काचेचंच हवं असाही काही नियम नाही. गोव्याच्या जुन्या घरांत लाकडी पट्ट्यांमध्ये शिंपल्याचे पातळ चौकोन सरकवलेले असत. त्यांतून दुधाळ, मवाळ उजेड येई आणि ती तावदानंच होती.

नौकेचं तावदान बहुतेक वेळा ॲक्रिलिकचं किंवा पॉलीकार्बोनेटचं असतं. नुसते ओरखडे असतील तर ॲक्रिलिकला पाण्यातला पॉलिशपेपर बारीक-बारीक करत नेऊन झिलई देता येते. (झिलई म्हणजे अरबी ‘जिला’, लखलखाट.) पॉलीकार्बोनेटशी मात्र हा खेळ करू नये. उन्हापासून वाचवणारा त्याचा पातळ थर घासला गेला की ते आणखी लवकर पिवळं पडतं. तडे खोल गेले असतील तर झिलईचा उपयोग नाही, तावदान बदलावंच लागतं.

आणि बदलताना काचेची सवय नडते. ॲक्रिलिक उन्हात काचेच्या सात-आठ पट फुगतं. मीटरभर लांबीचा तुकडा ३० अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटर वाढतो. स्क्रूची भोकं घट्ट ठेवली की नवे तडे भोकांपासूनच सुरू होतात, म्हणून भोक स्क्रूपेक्षा सैल हवं. सुतार घरच्या काचा ज्याने बसवतो ते लुकण, म्हणजे खडूची भुकटी आणि अळशीचं तेल, इथे कुचकामी. सुकून कडक झालं की ते या हलत्या कडेला सोडून देतं आणि फटीतून पाणी आत येतं. इथे कायम मऊ राहणारं काहीतरी लागतं, आणि त्याला दुकानदार ‘सीलंट’च म्हणतो. लुकण हा शब्द मला जास्त आवडतो, पण दुकानात तो उच्चारला तर भलताच डबा हातात पडायचा.