वाफवलेले पापलेट

‘वाफेवरचे चिनी पापलेट’ : चिनी, विशेषतः कँटोनी घरांत सणासमारंभाला मासा डोक्या-शेपटीसकट अख्खाच वाढतात. किहीमच्या एका घरात बारशाला हा बेत झाला; त्यासाठी गणपतीतले मोठे मोदकपात्र निघाले, ते योग्यच. पाण्याला आधी खळखळून उकळी, मगच मासा आत. अर्ध्या किलोला आठ-दहा मिनिटे पुरतात. ताटलीत सुटलेले वशट पाणी ओतून द्यायचे. वर आले, कांदापात, सोया सॉस आणि शेवटी कडकडीत तेल. हळद-तिखट, आगळ काही नाही, म्हणजे शिळ्या माशाला लपायला जागाच नाही. पावसाळी मासेमारीबंदीत हा बेत करू नये. किहीमचे बारसे नारळी पौर्णिमेनंतरचे, हे बरे झाले. पारशी लग्नांतली ‘पात्रा नी मच्छी’ही वाफेवरचीच, पण केळीच्या पानात, हिरव्या चटणीसकट.