यात्रा उठल्यावर

निघण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाइल नेऊ नका. तिथं टॉवर नाही आणि चार्जर लावायला घरात बोर्डही नाही. हल्लीच्या रंगीत नोटाही काढून ठेवा. तुम्हाला जायचंय 1988 च्या मे महिन्यात. तिथला कंडक्टर असली नोट उलटसुलट करून बघेल, मग तुमच्याकडे बघेल आणि घंटी मारून तुम्हाला रस्त्यात उतरवेल. चिल्लर न्या. टोपी न्या. एक कांदा खिशात ठेवा, विदर्भातल्या उन्हाला घाबरणारे सगळेच ठेवतात.

मूर्तिजापूरला उतरलात की पलीकडे शकुंतला नावाची रेल्वेगाडी उभी असेल. रूळ एवढे जवळ की गाडी खेळण्यातली वाटावी. इंजिन मात्र खरं आहे, वाफेचं, 1921 साली मँचेस्टरला बनलेलं. त्याला अजून सहा वर्षं राबायचंय. 15 एप्रिल 1994 ला त्याच्या जागी डिझेल येईल. यवतमाळपर्यंत 113 किलोमीटर जायला ही गाडी दिवस घालवते, पण तुम्ही कारंज्यालाच उतरणार आहात. खिडकीशी बसलात तर डोळ्यांत कोळशाचा कण जाईल. चोळू नका.

पुढे लाल एसटी. मानोऱ्यापर्यंत माणसं चढतात, नंतर नुसती उतरत राहतात. रस्त्याच्या कडेला पाटी दिसेल, ‘जिल्हा अकोला’. बरोबर आहे, वाशीम जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडावं लागणार आहे. वावरं उघडीबोडकी, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या, नांगरलेली ढेकळं तापून पांढरी पडलेली. मधूनच सागाचं जंगल लागतं, पण सावली नाही. या दिवसांत सागाला पानच नसतं.

पोहरादेवीला उतरणारे तुम्ही एकटे.

महिना-दीड महिन्यापूर्वी इथं पाय ठेवायला जागा नव्हती. रामनवमीची यात्रा! आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, जिथं जिथं बंजाऱ्यांचा तांडा आहे तिथून माणूस येतो, कारण त्यांच्या सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे. 15 फेब्रुवारी 1739 चा त्यांचा जन्म दूर दक्षिणेतला, देह ठेवला 1806 मध्ये, रुईगडला, समाधी पोहऱ्याला. आता त्या गर्दीच्या खुणा उरल्यात. तीन तीन दगडांच्या काळ्या चुली, नारळाच्या शेंड्या, फुटक्या बांगड्या आणि कुणाचीतरी एका पायाची चप्पल. जगदंबेच्या देवळात एक कुत्रं फरशीवर पोट टेकून पडलंय, त्याला उठवायची कुणाची इच्छा नाही. नगाऱ्याच्या आकाराची ती चार मजली इमारत सवयीनं शोधाल. नका शोधू. ते संग्रहालय 5 ऑक्टोबर 2024 ला उघडेल. सेवालाल महाराजांच्या गादीवर मात्र रामराव महाराज आहेत आणि 2020 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत असतील. दर्शन घ्या आणि गावाबाहेरच्या तांड्याकडे चालू लागा.

पहिल्याच घराच्या ओट्यावर म्हातारी बसली आहे. फेटिया, कांचळी, डोक्यावरून आरशांची ओढणी, हातात दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. पूर्वी त्या हस्तिदंती असत. या प्लास्टिकच्या आहेत आणि उन्हात तापतात, म्हणून तिनं वरच्या दोन काढून कोनाड्यात ठेवल्यात. तिला ‘याडी’ म्हणा. इथं आईला याडी म्हणतात आणि आईच्या वयाच्या कुणालाही.

“कुठून आला बापू?”

पुण्याहून, म्हणा.

“पुण्याहून?” ती सरळ होऊन बसते. “माहा पोरगा बी पुण्यातच हाय. दिसला काय तुले?”

हसू नका. ती थट्टा करत नाही, आणि अगदी भाबडेपणानंही विचारत नाही. पुण्याहून आलेल्या प्रत्येकाला ती हे विचारते. एखादा ‘हो’ म्हणालाच तर? विचारायला पैसे पडत नाहीत.

थोरला पुण्यात बांधकामावर आहे, बायको-पोरांसकट. धाकटा मुंबईला, तोही त्याच कामात. लेक आदिलाबादकडे एका तांड्यात दिलेली. घरी ही, म्हातारा, दोन बैल, एक शेळी. म्हातारा पहाटेच वखर घेऊन वावरात गेलाय. ऊन चढलं की येईल, जेवेल, झोपेल आणि संध्याकाळपर्यंत चार वाक्यं बोलेल. आतल्या भिंतीवर वसंतराव नाईकांचा जुना फोटो आहे, कॅलेंडरमधून कापून काचेत बसवलेला. गहुलीच्या तांड्यातला मुलगा अकरा वर्षं मुख्यमंत्री होता. असा फोटो इथल्या बऱ्याच घरांत सापडेल.

तुम्ही बहुधा अशी अपेक्षा धरून आला आहात की म्हातारी वाटेकडे डोळे लावून बसली असेल. थोडं थांबा. दुपार होऊ द्या.

दुपारी बाराला सगळं थांबतं. हापशीवरचा खडखडाट थांबतो, कोंबड्या कणगीखाली शिरतात. घर मातीचं, भिंत हातभर जाडीची, वर कौलं; आत आलात की डोळ्यांपुढे अंधार येतो आणि मग हळूहळू गारवा कळतो. याडीनं सकाळीच जमीन शेणानं सारवली आहे. तिच्यावर ती आडवी होत नाही, भिंतीला पाठ लावून बसते आणि ट्रंकेतून एक गाठोडं काढते.

जवळ सरकून बघा. चुंबळ आहे, डोक्यावर घागर ठेवायची. गोल वळलेल्या कापडाला लाल-निळ्या दोऱ्याचे टाके, कडेनं कवड्या. कवडीच्या पाठीला भोक पाडलेलं आहे. त्यातून सुई जाते, दोरा ओढला जातो आणि कवडी तोंड वर करून बसते. एक जरी वाकडी बसली तरी याडी ती उसवते. टाके एवढे बारीक की तुम्हाला मोजता येत नाहीत. तिलाही दिसत नाहीत, ती बोटानं चाचपून घालते. हे चाललंय नातीसाठी. नात पुण्यात नळाचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत भरते. म्हणून तर घाई नाही, याडी म्हणते. लग्नापर्यंत झालं म्हणजे झालं.

“पोरं इथं असली की हे होत नाही बापू. ह्याले भाकर, त्याले पाणी. होळीले आले, यात्रेपर्यंत राह्यले. घरात पाय ठेवाले जागा नव्हती. आले की बरं वाटते.” टाका घालून दोरा दातानं तोडते. “गेले की बी बरं वाटते.”

आणि मग तिला खरंच बरं वाटतं आहे हे तुम्हाला दिसू लागतं. मनासारखी भाजलेली ज्वारीची जाड बाटी, ठेच्याचा तिखटपणा फक्त तिच्या जिभेला विचारून ठरवलेला. माठातलं पाणी संध्याकाळपर्यंत पुरतं. बाहेर सुकत घातलेल्या मोहफुलांचा गोड, जरा आंबूस वास. दुपारभर कोणी हाक मारत नाही. आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या हाकेवर उठलेल्या बाईला या वयात हा उन्हाळा मिळाला आहे आणि ती तो चवीनं खाते आहे. आपल्याकडे एकट्या म्हाताऱ्यांवर लिहिताना ही गोष्ट सांगायची राहून जाते. तिच्यानं कथा बिघडते ना.

आठवण येत नाही असं नाही. आठवणीची सोय लावलेली आहे.

दारामागे एक वाकवलेली तार लटकते आहे. तिच्यात मनीऑर्डरची कुपनं ओवली आहेत. पैसे खर्च होतात, कुपन उरतं, आणि त्याच्या तळाशी दोन ओळी लिहिण्याइतकी जागा असते. ‘आई, तब्येत बरी आहे. पैसे मिळाले की कळवा.’ बहुतेक कुपनांवर हेच आहे. सगळी वेगवेगळ्या हातांची, कारण थोरल्यालाही लिहिता येत नाही, तो साइटवरच्या कुणाकडून तरी लिहून घेतो. इथं आलं की सातवीतला शेजारचा पोरगा वाचतो. पत्र मराठीत, घर गोरबोलीत. पोरगा वाचता वाचता ते बदलत जातो आणि मनाचं थोडं घालतो. याडीला ते कळतं. घालू देते.

लेकीची सोय निराळी. ती रामनवमीला भेटते. बंजारा बायका फार दिवसांनी भेटल्या की गळ्यात गळा घालून रडतात, आणि ते रडणं सुरात असतं. वर्षभरात कोण गेलं, कोणाला बघायचं राहिलं, कोणाच्या कुशीत काय आलं, सगळं त्या सुरात सांगायचं. देवळासमोर यंदाही तसं झालं. मग डोळे पुसले, दोघी चहा प्यायल्या, बांगड्या घ्यायला गेल्या.

“वर्षाचं रडून घेतलं तिच्यापाशी,” याडी सांगते, “आता पुढच्या रामनवमीले.”

रात्री अंगणात बाज टाकून मिळेल. उशाला गोधडी, वर चांदणं. म्हातारा घोरू लागला की डोळे मिटा आणि आणखी मागे चला. दोनशे वर्षं.

आता तुम्ही पडलेले नाही, चालता आहात. 1790 च्या आसपासचा उन्हाळा, रात्रीची लदेणी. पुढे बैल, मागे बैल, प्रत्येकाच्या पाठीवर दोन बाजूंना गोणी, मिठाच्या नाहीतर धान्याच्या. टॅव्हर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानं याच्याही सव्वाशेहून जास्त वर्षं आधी असे दहा-बारा हजार बैलांचे काफिले पाहून ठेवलेत. वाट अडली तर थांबण्यावाचून इलाज नाही. सगळे पुढे जाईपर्यंत दिवस मोडतात. फौजांची रसद याच बैलांवर चालते. तेरा वर्षांनी, 1803 च्या नोव्हेंबरात, इथून फार लांब नसलेल्या अडगावला इंग्रज सेनापती वेलस्ली मराठ्यांशी लढेल, तेव्हा त्याच्याही सैन्याचं धान्य बंजाऱ्यांच्याच बैलांवर लादलेलं असेल.

सगळ्यांच्या पुढे एक बैल चालतो, पाठीवर काहीही नसलेला. लाल रेशीम, पितळी साखळ्या, घुंगरं, कवड्या. तो हातादिया. देवाला सोडलेला, त्याच्यावर कधी ओझं लादत नाहीत. आजारी माणसाला त्याच्या पायाशी नेतात. वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांबद्दल कंबरलेज नावाच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात टिपून ठेवलंय, की हा बैल दमून जिथं बसेल तिथं तांडा त्या दिवसाचा मुक्काम करतो.

बसला. तुम्हीही थांबा. गोणी उतरवून एकावर एक रचल्या जातात, त्यांची भिंत होते, आत माणसं, बाहेर कुत्री. तासाभरात घर उभं. चुलीपाशी कोण कोण आहे बघा: आजी, सून, तान्हं, आंधळा म्हातारा, कोंबड्यांचा खुराडा. सगळे इथंच, कारण मागे ठेवायला घरच नाही. पूर्वी कोणाला कोणाची आठवणच येत नसावी, असं लिहून टाकायचा मोह होतो. पण त्या कडेच्या तंबूतली नवी सून बघा. तिचं माहेर दुसऱ्या तांड्यात आहे. तो तांडा कुठल्या वाटेवर आहे, जिवंत किती आहेत, कोणास ठाऊक. वाटेत गाठ पडेल तेव्हा पडेल. गळ्यात पडून सुरात रडणं ओट्यावर बसून कोणी बसवलेलं नाही. ते याच वाटेवरचं असणार. बदललं असेल तर एवढंच की तेव्हा फक्त लेकी दूर जात. मुलगेही जाऊ लागले ते तांडा बसल्यावर.

तांडा बसला कसा, ते झटकन उरकूया, कारण त्यात बघण्यासारखं काही नाही. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. वाघिणी बैलापेक्षा स्वस्त पडल्या. 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि फिरणारा माणूस सरकारच्या डोळ्यांत खुपू लागला. अनेक प्रांतांत त्या यादीत बंजारेही गेले. ती यादी मोडायला 31 ऑगस्ट 1952 उजाडलं. तोवर गोणींच्या भिंतीच्या जागी मातीची भिंत आली होती. पोटापुरती जमीन प्रत्येकाच्या वाट्याला आली नाही. ज्यांच्या वाट्याला आली नाही ते मुकादमाची उचल घेऊन निघाले, कुणी उसाला, कुणी बांधकामाला. बैल मागे राहिले आणि माणसं पुढे गेली.

कोंबडा आरवतोय. उठा, 1988 आहे. म्हातारा वावरात गेलाही.

चहा झाल्यावर याडी विचारते, लिहिता येतं का? येतं म्हटल्यावर कोनाड्यातून 15 पैशांचं पोस्टकार्ड काढते. तिनं ते जपून ठेवलंय. शेजारचा पोरगा मामाच्या गावाला गेलाय आणि तुम्ही आयते सापडलात. आधी पत्ता घ्या. पत्ता म्हणजे थोरल्याचं नाव आणि ‘मार्फत’ एका किराणा दुकानाचं. साइट दर चार-सहा महिन्यांनी बदलते. किराणावाला उधारी असेपर्यंत माणसाला हरवू देत नाही.

लिहा. बैल बरे आहेत. विहिरीला पाणी आहे, पण रोहिणीपर्यंत पुरतं का बघू. कौलं शाकारायला माणूस मिळाला. कापसाचे राहिलेले पैसे अजून यायचे आहेत. तांड्याच्या नायकाच्या घरी लग्न आहे, तारीख ठरली की कळवते. पोरांना उन्हात हिंडू देऊ नको. पेरणीला ये, नाहीच जमलं तर म्हातारा आहे.

‘आठवण येते’ असं ती सांगत नाही. तुमच्या हाताला ते लिहायची सवय आहे, लिहू नका.

कार्ड भरलं. खाली सही म्हणून तिचा अंगठा. शाई नाही, चुलीतल्या कोळशावर बोट फिरवून तिनंच टेकवला. तुम्ही टोपी उचलता. कारंज्याची गाडी गाठायची तर आता निघायला हवं.

“थांब ना बापू. शेळीले दोन पिल्लं झाली, ते राह्यलंच.”

जागा नाही, तुम्ही म्हणता.

“कडेनं आडवं लिही. दोनी पाठी हायेत म्हणा. एक त्याच्या पोरीची.”