रेंज नसलेल्या डोंगरात मदतीची हाक: उपग्रह-उपकरण कसे निवडावे?

लांबच्या ट्रेकवर कधी कधी दोन-तीन दिवस मोबाइलला रेंज नसते. तिथे पाय मोडला किंवा वाट चुकली, तर थेट उपग्रहामार्फत मदत मागता येते. त्यासाठी मुख्यतः तीन पर्याय आहेत.

पर्सनल लोकेटर बीकन: हे उपकरण ४०६ मेगाहर्ट्झवर संकटसंदेश पाठवते. कोस्पास-सार्सात या आंतरराष्ट्रीय यंत्रणेचे उपग्रह तो टिपतात आणि संदेश बचाव केंद्राकडे जातो. मासिक शुल्क नसते. बटण दाबल्यावर ते किमान २४ तास चालते. मात्र काय झाले आहे, हे सांगता येत नाही. खरेदीनंतर मालकाची नोंदणी करावी लागते.

सॅटेलाइट मेसेंजर: गार्मिन इनरीच हे याचे परिचित उदाहरण. ते इरिडियमच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालते, त्यामुळे जगात कुठूनही संदेश जातो आणि उत्तरही येते. जखम कशी आहे, सोबत किती जण आहेत, हे कळवता येते. पण शुल्क भरलेले आणि बॅटरी चार्ज केलेली हवी.

मोबाइल: आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनमध्ये उपग्रहाद्वारे एसओएसची सोय आहे, पण ठरावीक देशांतच. निघण्यापूर्वी यादी पाहावी.

तिन्हींना मोकळे आकाश लागते; घळीत किंवा दाट झाडीत संदेश अडकू शकतो. क्वचित ट्रेक करणाऱ्याला बीकन परवडते. वारंवार किंवा एकट्याने जाणाऱ्याला दुतर्फी मेसेंजर अधिक उपयोगी.

भारतात मात्र पहिला प्रश्न कायद्याचा आहे. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर बाळगणे हा गुन्हा ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील दाबोळी विमानतळावर इनरीच सापडल्याने एका परदेशी प्रवाशावर कारवाई झाली. त्यामुळे परदेशातून सुट्टीसाठी येणाऱ्यांनी हे उपकरण तिकडेच ठेवावे. बॅगेत बंद असले, तरी ते बाळगलेलेच धरले जाते.

मग सह्याद्रीत काय करावे? जाण्याची वाट आणि परतीची वेळ घरी व पायथ्याच्या गावात सांगून निघावे. शिट्टी, टॉर्च आणि पॉवर बँक जवळ असावी. रेंज मिळताच ११२ वर फोन करावा. ठरल्या वेळी माणूस परतला नाही, तर शोध कुठून सुरू करायचा हे गावाला ठाऊक असते.