पहाटे पाचची शिकवणी

परमुलुखात नोकरीला गेलेल्या माणसाने आजारी पडू नये म्हणतात. देकार्तबद्दल वाचताना मला हे फार जाणवलं.

हा फ्रेंच तत्त्वज्ञ लहानपणापासून नाजूक तब्येतीचा. शाळेतही त्याला सकाळी उशिरापर्यंत पडून राहायची मुभा होती, आणि ती सवय त्याने पुढेही सोडली नाही. ऑक्टोबर १६४९ मध्ये तो स्वीडनची राणी क्रिस्टिना हिला शिकवायला स्टॉकहोमला पोचला. जानेवारीत शिकवणी सुरू झाली. २३ वर्षांच्या राणीने वेळ दिली पहाटे पाचची! तीही स्वीडनच्या थंडीत...

तो ज्याच्या घरी उतरला होता, तो फ्रेंच राजदूत शान्यू न्यूमोनियाने आजारी पडला. देकार्तने त्याची शुश्रूषा केली आणि मग स्वतःच अंथरूण धरलं. राणीच्या डॉक्टरला तो आधी रक्त काढू देईना. शान्यू बरा झाला. देकार्त मात्र ११ फेब्रुवारी १६५० ला गेला, वयाच्या ५३ व्या वर्षी.

लोक राणीला नि थंडीला बोल लावतात. मला वाटतं, दुखणं बहुधा शान्यूकडूनच आलं असावं. पण 'मला ही वेळ झेपत नाही' हे एवढ्या मोठ्या माणसालाही यजमानाला सांगता आलं नसेल का? परदेशी शिकवायला गेलेल्या आपल्या माणसांना म्हणूनच सांगावंसं वाटतं, झेपत नसेल तर वेळेवर बोला.