माधव मंत्री आणि दादर युनियन

संस्थेला 25 वर्षे झाली, स्मरणिकेसाठी 'काहीतरी जुन्या आठवणींचं, इतिहासाचं लिहा' असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. आयुष्य बँकेच्या लेजरमध्ये गेलेल्या माणसाने काय लिहायचं? पण आपल्या सोसायटीतली बरीच मंडळी मूळची दादर-माटुंग्याची. तेव्हा तिकडच्याच एका माणसाविषयी लिहितो. क्रिकेटपटू माधव मंत्री.

जन्म 1 सप्टेंबर 1921, नाशिकचा. यष्टिरक्षक आणि सलामीचे फलंदाज. 1951 ते 1955 या काळात भारताकडून ते चार कसोटी खेळले. कसोटीत मात्र नशिबाने फारशी साथ दिली नाही. 1952 साली लीड्सला दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना भारताचे चार गडी बाद झाले, त्या चौघांत मंत्रीही होते. मुंबईकडून खेळताना मात्र तेच मंत्री वेगळे दिसत. 1948-49 च्या रणजी उपांत्य सामन्यात पुण्याला महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी 200 धावा काढल्या. त्या एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून 2376 धावा झाल्या! पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडकही जिंकला.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या क्लबाबद्दल. माटुंग्याच्या दडकर मैदानावरचा दादर युनियन. कसोटी खेळून आलेला हा माणूस क्लबाला विसरला नाही. वर्षानुवर्षे तिथे खेळला, कप्तानी केली, नव्या पोरांना घडवलं. त्या काळी क्रिकेटवर पोट भरत नसे. नोकरी सांभाळायची आणि रविवार मैदानाला द्यायचा. मानधन वगैरे शब्दच नव्हता.

दादर युनियनची शिस्त सगळ्या मुंबईत प्रसिद्ध. वेळेच्या आधी मैदानावर हजर, कपडे पांढरेशुभ्र, बूट स्वच्छ. कोण किती मोठा, हा प्रश्नच नाही. कांगा लीग म्हणजे भर पावसाळ्यातली स्पर्धा, 1948 पासूनची. खेळपट्टी ओली, गवत घोट्यापर्यंत, चेंडू कुठे वळेल याचा नेम नाही. तिथे नुसतं कौशल्य पुरत नाही, अंगात शिस्त मुरलेली लागते.

सुनील गावस्कर हे मंत्रींचे सख्खे भाचे. लहानपणी मामाकडे भारतीय संघाचे स्वेटर पाहून भाच्याने त्यातला एक मागितला. मामांनी दिला नाही. हा घाम गाळून मिळवावा लागतो, असं सांगितलं. भाच्याने तो कसा मिळवला, हे पुढे साऱ्या जगाने पाहिलं!

मंत्रींनंतरही क्लबाची घडी विस्कटली नाही. वासू परांजपे यांनी कप्तानी सांभाळली. गावस्करांना 'सनी' हे नाव दिलं ते वासूंनीच. गावस्कर, वेंगसरकर हे त्याच क्लबातले. 1970 च्या सुमारास आम्ही मित्र मैदानाच्या कडेला बसून हे सामने पाहायचो. तिकीट नाही, बसायला खुर्ची नाही, पण शिवाजी पार्क जिमखान्याशी सामना असला की पाय ठेवायला जागा मिळायची नाही.

मंत्री पुढे राष्ट्रीय निवड समितीत होते, मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले, 1990 च्या इंग्लंड दौऱ्यावर भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून गेले. 23 मे 2014 रोजी, 92 व्या वर्षी, ते गेले. तेव्हा ते भारताचे सर्वांत वयोवृद्ध हयात कसोटीपटू होते.

स्मरणिकेत हे कशाला, असं कुणी विचारेल. क्लब काय आणि सोसायटी काय, दोन्ही चालतात ती बिनपगारी माणसांवर. आपल्याकडे पाण्याच्या टाकीपासून ऑडिटपर्यंत सगळं आजवर त्याच पाच-सहा जणांनी पाहिलं. आता ते सत्तरीपुढचे झालेत, त्यात मीही आलो. वार्षिक सभा मात्र दरवर्षी गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते, आणि मग आहेत तेवढ्यांतच उरकते. दादर युनियनला मंत्रींनंतर वासू मिळाले, कारण कुणीतरी आपणहून पुढे आलं. पुढच्या निवडणुकीत तरुण मंडळींनी अर्ज भरावेत. हिशेबाच्या वह्या समजावून द्यायला मी बसेन. मात्र वेळेवर या, बरं का!