न दुखवता पाहणारे किरण

शरीर न चिरता आत काय चालले आहे ते पाहावे, ही वैद्याची इच्छा फार जुनी. १८९५ साली जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि ती फळास आली. पण तिची किंमत थोडी नव्हती. एडिसनचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात या किरणांनी भाजले, ते कापावे लागले, आणि १९०४ साली त्यांचा अंत झाला. अशा बळींचे स्मारक हॅम्बुर्ग येथे १९३६ साली उभे राहिले. तेव्हा पाहील, पण दुखवणार नाही असा किरण आहे काय, हा प्रश्न आम्ही आजच्या विषयाच्या मुळाशी मानतो.

असा किरण निसर्गात होताच. पण तो दोन घरांमधल्या बोळात दडला होता. एका बाजूस रेडिओच्या लहरी, दुसऱ्या बाजूस उष्णतेचे अवरक्त किरण. कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे ५ मिलिमीटर लांबीच्या विद्युत्-लहरी निर्माण केल्या. बर्लिनमध्ये रूबेन्स उष्णतेच्या लांब लहरी मोजीत होते. त्यांच्या १९०० सालच्या मोजमापांवरूनच प्लांक यांना आपले सूत्र गवसले. तथापि मधला पट्टा, म्हणजे सेकंदास सुमारे लाख कोटी कंपनांचा, ज्यास टेराहर्ट्झ म्हणतात, दीर्घकाळ ओसच राहिला. कारण तेथे चांगला दिवा नव्हता आणि डोळाही नव्हता.

क्षणाच्याही सूक्ष्म अंशात चमकणारे लेसर आले, तेव्हा ही उणीव भरून निघू लागली. १९९५ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत हू आणि नस यांनी या लहरींनी झाडाच्या पानाचे चित्र घेतले. त्यात पानातील ओलावा दिसला. २००२ साली केंब्रिजच्या संशोधकांनी कापून काढलेल्या त्वचेतील कर्करोगाचा भाग निरोगी भागाहून वेगळा ओळखून दाखविला.

या किरणाचा कण क्ष-किरणाच्या कणाहून लाखो पटींनी दुर्बळ असल्याने तो अणू फोडीत नाही. मात्र ज्या पाण्यामुळे तो रोग ओळखतो, तेच पाणी त्यास अडविते. ओल्या मांसात तो मिलिमीटरभरही नीट शिरत नाही. म्हणून पोटातील गाठ त्यास दिसावयाची नाही. त्वचा, दात आणि शस्त्रक्रियेत उघडी झालेली गाठीची कड, एवढेच त्याचे क्षेत्र.

राँटजेनच्या किरणांचे स्वागत जगाने घाईने केले आणि डॅलींसारख्यांनी ते ऋण फेडले. या नव्या किरणाची मर्यादा आधी ओळखून मग त्यास घरात घ्यावे, एवढे शहाणपण त्या इतिहासाने आपणांस शिकविले, असे आम्हांस वाटते.